कामाआधी दोन दिवस आयर्लंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, मुंबई, नागपूर, बंगळुरूहून ऑफिसच्या कामासाठी आयर्लंडला येणारी मराठी मंडळी फिरून फिरून तेच विचारतात: मीटिंग सोमवारी, विमान शुक्रवारी, मधल्या वेळात काय बघू? असे प्रश्न उत्तरांसह इथे एकत्र केले आहेत. आयर्लंड म्हणजे इथे प्रजासत्ताक आयर्लंड. बेलफास्ट आणि उत्तर आयर्लंडची भानगड वेगळी आहे, ती प्रश्न १२ मध्ये. व्हिसाचे नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी आयरिश इमिग्रेशनचं सरकारी संकेतस्थळ बघाच.

१. काम सुरू होण्याआधी फिरावं की काम उरकल्यावर?

आधी. आयर्लंडचं घड्याळ आपल्या मागे चालतं, उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच. पहिले दोन दिवस पहाटे तीन-चारला टक्क जाग येते आणि संध्याकाळी सातला डोळे मिटायला लागतात. या अवस्थेत मीटिंगला बसण्यापेक्षा सकाळची पहिली ट्रेन पकडून गाव बघितलेलं बरं. काम झाल्यावर फिरू म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा राहून जातं. कुठलं तरी काम लांबतं, शुक्रवारी रात्री सहकारी जेवायला ओढून नेतात आणि शनिवारी पाय उचलत नाही. मोठं सादरीकरण डोक्यावर असेल आणि तयारी अर्धवट असेल, तर मात्र उलटं करा. असा माणूस पश्चिम किनाऱ्यावरच्या मोहरच्या प्रसिद्ध कड्यावर (प्रश्न ६) उभा राहूनही स्लाइडचाच विचार करतो.

२. बिझनेस व्हिसावर आलोय. त्यावर पर्यटन चालतं का?

मीटिंग, परिषद किंवा अशाच कामासाठी मिळणारा अल्प मुदतीचा ‘सी’ व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो. त्यात दोन दिवस गाव बघण्याला अडचण नाही, पण ते लपवू नका. अर्जातल्या तारखा, विमानाची तिकिटं, हॉटेलची बुकिंग आणि कंपनीचं पत्र यांचा मेळ बसला पाहिजे. पत्रात ‘१२ ते १६’ लिहिलंय आणि तिकीट ९ तारखेचं आहे, तर मधल्या दिवसांचा प्रश्न निघणारच. पत्रातच एक ओळ घालून घ्या, की हे दिवस वैयक्तिक रजेचे असून खर्च कर्मचारी स्वतः करणार आहे. व्हिसा मिळाला तरी आत सोडायचं की नाही, आणि किती दिवसांसाठी, हे डब्लिन विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. म्हणून सगळे कागद हातात छापील ठेवा, फोनची बॅटरी संपते.

३. माझ्याकडे शेंगेन व्हिसा आहे. तो चालेल ना? आणि ब्रिटनचा असेल तर?

शेंगेन चालत नाही. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे, युरो वापरतो, पण शेंगेन करारात नाही. हे दरवर्षी कुणाला तरी विमानतळावर कळतं. ब्रिटनचं प्रकरण थोडं निराळं आहे. भारतीय नागरिकांसाठी ब्रिटन आणि आयर्लंडची एक संयुक्त व्हिसा योजना आहे. तुमच्या अल्प मुदतीच्या व्हिसावर ‘बी.आय.व्ही.एस.’ असा शेरा असेल, तर एकाच व्हिसावर दोन्ही देश बघता येतात, मात्र ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरावं लागतं. शेरा नसेल तर गृहीत धरू नका.

४. शुक्रवारी सकाळी उतरतो, सोमवारी नऊला ऑफिस. डब्लिनच बघू की बाहेर पडू?

बाहेर पडा. तुमचं काम डब्लिनमध्ये असेल तर डब्लिन आठवडाभर संध्याकाळी पायाखालून जाणारच आहे. इथली गंमत लहान शहरांत आहे. चालत दोन तासांत पालथी घालता येतील एवढी ती लहान असतात आणि तरीही प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. पण एकच शहर निवडा. शुक्रवारी किलकेनी, शनिवारी कॉर्क, रविवारी गॉलवे असे तक्ते मला नेहमी येतात. नकाशावर देश चिमुकला दिसतो म्हणून तसं वाटतं. पण मुख्य रेल्वेमार्ग डब्लिनहून निघतात, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना बऱ्याचदा गाडी बदलण्यात अर्धा दिवस जातो. रविवारी संध्याकाळी सात-आठपर्यंत कामाच्या शहरात परत या.

५. मग एकच शहर कोणतं? किलकेनी, गॉलवे, कॉर्क, वॉटरफर्ड, सगळ्यांचीच नावं ऐकतो.

एक रात्र हाताशी असेल तर किलकेनी, दोन असतील तर गॉलवे. बाकीचं ज्याच्या त्याच्या आवडीवर.

किलकेनी डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून साधारण दीड-पावणेदोन तासांवर आहे. स्टेशनातून बाहेर पडून नदी ओलांडली की गावात. एका टोकाला किल्ला, दुसऱ्या टोकाला सेंट कॅनिसचं कॅथीड्रल, आणि मधल्या रस्त्यावर सगळं मध्ययुगीन गाव. किल्ला शतकानुशतकं बटलर घराण्याकडे होता आणि १९६७ मध्ये त्यांनी तो अवघ्या ५० पौंडांना गावाला देऊन टाकला. किल्ल्यामागचं भलं मोठं हिरवं मैदान फुकट आहे आणि गावातली मुलं तिथे खेळत असतात. कॅथीड्रलच्या शेजारी सुमारे ३० मीटर उंचीचा जुना गोल मनोरा आहे. आयर्लंडमध्ये असे मनोरे पुष्कळ आहेत, पण आत चढू देतात असे दोनच, त्यातला हा एक. आत जिना नाही, एकावर एक अरुंद लाकडी शिड्या आहेत. पाठीवरची सॅक खाली ठेवा, नाहीतर मधेच अडकाल. गावातला काळा दगड ‘मार्बल’ म्हणून मिरवतो, पण तो चुनखडीचा दगड आहे. पावसात भिजला की चकाकतो आणि त्यातले पांढरे जीवाश्म स्पष्ट दिसतात, तेव्हा पाऊस आला म्हणून हळहळू नका. बटर स्लिप नावाची गल्ली चुकवू नका, सदाशिव पेठेतल्या बोळात शिरल्यासारखं वाटेल.

गॉलवे पश्चिम किनाऱ्यावर, ट्रेनने अडीच तासांच्या आसपास. बघण्याच्या वस्तूंची यादी केली तर हाती फार लागत नाही: आयर स्क्वेअर, १५८४ ची स्पॅनिश आर्च, १९६५ मध्ये जुन्या तुरुंगाच्या जागी उभं राहिलेलं कॅथीड्रल. गॉलवे बघायचं ते कॉरिब नदीच्या काठाने. एप्रिल-मे नंतर पुलावरून पाहिलं तर गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहून मासे धरणारे लोक दिसतात. तिथून सॉल्टहिलच्या समुद्रकाठी चालत जा. दोन-अडीच किलोमीटरची चाल आहे, आणि शेवटच्या भिंतीला पाय लावून मागे फिरायचं, असा रिवाज आहे. का, याचं खात्रीचं उत्तर गॉलवेकरही देत नाहीत. संध्याकाळी क्वे स्ट्रीटच्या आसपास कुठल्याही पबमध्ये कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल, बासरी, बोध्रान (डफासारखं आयरिश वाद्य) घेऊन वादक बसलेले असतात. ऐकायला पैसे पडत नाहीत. फक्त त्यांच्या टेबलाच्या खुर्च्यांवर बसू नका आणि गाणं चालू असताना मोठ्याने बोलू नका.

वॉटरफर्ड देशातलं सर्वांत जुनं शहर, व्हायकिंगांनी ९१४ मध्ये वसवलेलं. इतिहासाची खरी ओढ असेल तर जा. लिमरिकमध्ये शॅनन नदीकाठचा किंग जॉनचा किल्ला चांगला आहे, पण तिथे काम नसेल तर मुद्दाम पहिली निवड म्हणून मी सुचवणार नाही. कॉर्कसाठी प्रश्न ७ पाहा.

६. क्लिफ्स ऑफ मोहर डब्लिनहून एका दिवसात होतात का?

होतात, आणि रोज शेकडो लोक करतात. पण तो दिवस म्हणजे सकाळी सातच्या आत बसमध्ये बसायचं, येताजाता मिळून सहा-सात तास खिडकीतून मेंढ्या बघायच्या आणि कड्यावर दीड-दोन तास. जेटलॅगमध्ये निम्मी बस झोपलेली असते. गॉलवेत मुक्काम असेल तर हेच काम निवांत होतं. तिथून सहली निघतात आणि ३५० क्रमांकाची बसही जाते. कडे सर्वांत उंच जागी २१४ मीटर आहेत, खाली सरळ अटलांटिक. धुकं आलं तर मात्र समोर दुधाच्या पातेल्याइतकंच दिसतं, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या दिवसाचा अंदाज बघा. कुंपणाच्या पलीकडे फोटोसाठी जाऊ नका. कडा खालून पोखरला जातो, वरून कळत नाही, आणि तिथे माणसं दगावली आहेत.

७. माझं काम कॉर्कमध्येच आहे. दोन दिवस डब्लिनला घालवू की थेट कॉर्कला जाऊ?

थेट कॉर्क. विमानतळावरूनच कॉर्कची बस मिळते (प्रश्न ९). ॲपलचं कार्यालय १९८० पासून कॉर्कच्या हॉलीहिलमध्ये आहे, त्यामुळे आपली मंडळी इकडे बरीच येतात आणि ऑफिस-हॉटेल करून परत जातात. ली नदीचे दोन फाटे शहराला कवेत घेतात, त्यामुळे पूल ओलांडला की आपण नक्की कुठल्या काठावर आहोत हे पहिल्या दिवशी कळत नाही. १७८८ पासून भरणारा इंग्लिश मार्केट हा छपराखालचा बाजार बघा. मासळीचा वास सोसत नसेल तर पाव आणि चीजच्या बाजूने शिरा. मग चढण चढून शँडनच्या सेंट ॲन चर्चवर जा. तिथे घंटांचे दोर तुमच्या हातात देतात, समोर आकड्यांत लिहिलेल्या चाली असतात आणि तुम्ही वाजवाल ते सगळं कॉर्क ऐकतं. त्याच मनोऱ्यावरच्या घड्याळाला चार तोंडं आहेत. ती एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून लोक त्याला ‘चार तोंडांचा खोटारडा’ म्हणतात.

दुसऱ्या दिवशी कोव्ह. कॉर्कच्या केंट स्टेशनवरून लोकल पंचवीस मिनिटांत पोचवते, शेवटचा टप्पा पाण्याच्या काठाने. टायटॅनिक ११ एप्रिल १९१२ ला शेवटची थांबली ती याच बंदराबाहेर. तेव्हा गावाचं नाव क्वीन्सटाउन होतं. डोंगरउतारावर रंगीत घरांची रांग आहे आणि वर कॅथीड्रल. फोटो त्या घरांच्या वरच्या अंगाने काढा, म्हणजे मागे समुद्र येतो.

८. माझ्याकडे फक्त एक दिवस आहे. किंवा खरं सांगायचं तर अर्धाच.

मग डार्ट लोकलने होथला जा, शहरातून अर्धा तास. बंदरात सील दिसतात आणि कड्यावरून चालायची पायवाट आहे. गाडीत चढताना पाटी बघा, कारण होथ जंक्शनला रेल्वेला दोन फाटे फुटतात आणि दुसरी गाडी मॅलाहाइडला नेते. तिथेही किल्ला आहे, त्यामुळे चुकलात तरी दिवस फुकट नाही. पाऊस कोसळत असेल तर शहरातच थांबा. किल्डेअर स्ट्रीटचं राष्ट्रीय संग्रहालय मोफत आहे आणि तिथे दलदलीत हजारो वर्षं टिकलेली माणसांची शरीरं आहेत. एकाच्या हाताची नखं अजून नीट दिसतात. लहान मुलांना दाखवायची की नाही हे तुम्ही ठरवा. रविवारी आणि सोमवारी हे संग्रहालय दुपारी एकला उघडतं. किलमेनहॅम तुरुंग बघायचा असेल तर ऐनवेळी तिकीट मिळत नाही. २८ दिवस आधी विक्री सुरू होते, तेव्हाच काढा.

९. ट्रेन बरी की बस?

आरामाला ट्रेन, सोयीला बस. डब्लिन विमानतळाला रेल्वे नाही. पण विमानतळाच्या दारातूनच गॉलवे आणि कॉर्कच्या थेट बस सुटतात, म्हणजे बॅगा घेऊन शहरात शिरायची गरज नाही. पहाटे उतरणाऱ्यांनी हेच करावं, बसमध्ये झोपही होते. ट्रेनचं तिकीट ऑनलाइन आधी काढलं तर स्वस्त पडतं आणि जागाही राखता येते. सीटच्या वर छोट्या पडद्यावर तुमचं नाव झळकतं. तिथे कुणी बसलं असेल तर नाव दाखवून हसा, माणूस लगेच उठतो. कॉर्क, गॉलवे, लिमरिक, किलकेनीच्या गाड्या ह्यूस्टनहून आणि स्लायगो, बेलफास्टच्या कॉनलीहून सुटतात. या दोन स्टेशनांत गोंधळ झाला तर लुआस ट्रामची लाल लाइन दोन्हीकडे जाते, वीसेक मिनिटं हाताशी ठेवा. रविवारी गाड्या कमी असतात, तेव्हा परतीची वेळ आधी बघा आणि मग हॉटेल घ्या.

१०. डब्लिनमध्ये बसला रोख पैसे चालतात?

सुटी नाणी बरोबर मोजून असतील तर. नोटा घेत नाहीत, सुटे परत देत नाहीत. लीप कार्ड घ्या, विमानतळावरच्या दुकानात मिळतं. बस, लुआस, डार्ट सगळ्याला चालतं, आणि शहरात पहिल्यांदा टेकवल्यापासून ९० मिनिटांत २ युरोमध्ये गाड्या बदलता येतात. बाकी सगळीकडे कार्ड टॅप होतं. यूपीआयच्या भरवशावर राहू नका.

११. गाडी भाड्याने घेऊ का? इथे डावीकडूनच चालवतात म्हणे.

डावीकडूनच चालवतात, आणि पर्यटक म्हणून आलात तर भारतीय लायसन्सवर चालवता येते. अडचण काउंटरवर येते. काही कंपन्या आंतरराष्ट्रीय परमिट मागतात, वयाची अट असते, आणि चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट कार्ड घेऊन गेलेले परत फिरलेत. ऑटोमॅटिक गाडी महाग पडते आणि आधी सांगावी लागते. डब्लिनभोवतीच्या एम५० वर टोलनाका नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि टोल दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत ऑनलाइन भरायचा असतो, विसरलात तर दंड. गॉलवे किंवा किलकेनी शहरासाठी गाडीची गरजच नाही. वेस्ट कॉर्क, कॉनेमारा, डोंगरातली गावं करायची असतील तरच घ्या. विमानातून उतरल्या उतरल्या स्टिअरिंग धरू नका, एक रात्र झोप काढा.

१२. बेलफास्ट दोन तासांवर आहे, सीमेवर कुणी विचारत नाही असं ऐकलंय. जाऊन येऊ?

सीमेवर चौकी नाही हे खरं. पण बेलफास्ट, डेरी, जायंट्स कॉजवे हे ब्रिटनमध्ये येतं आणि भारतीय नागरिकाला तिथे ब्रिटनची परवानगी लागते. तुमच्या आयरिश व्हिसावर प्रश्न ३ मधला शेरा असेल तर जाता येतं. नसेल तर ते बेकायदा आहे. बसमध्ये अधूनमधून तपासणी होते. शिवाय सिंगल एंट्री व्हिसावर तुम्ही उत्तरेला गेलात म्हणजे आयर्लंडमधून बाहेर पडलात, परत यायला नवी एंट्री लागते. सोमवारच्या मीटिंगसाठी आलेल्या माणसाने हा धोका का पत्करावा? दिवसभराच्या सहली विकणारे पासपोर्ट बघत नाहीत, म्हणून ‘त्यांनी तिकीट दिलं’ हा बचाव होत नाही.

१३. कोणत्या महिन्यात काय कपडे आणू?

जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड, डिसेंबरमध्ये दुपारी चारनंतर अंधार. कामाआधीच्या दोन दिवसांसाठी थंडीपेक्षा हा फरक मोठा आहे. डिसेंबरात गाव बघायला सहा-सात तासच मिळतात. बर्फ क्वचित, पण पाऊस कधीही, आणि पश्चिमेकडे जास्त. छत्री आणू नका, गॉलवेच्या वाऱ्यात ती पहिल्याच वळणावर उलटते. टोपीचं रेनकोट-जॅकेट, आत एकावर एक दोन पातळ थर, आणि पाणी आत न शिरणारे बूट. ऑफिसचे चामडी बूट घालून होथच्या पायवाटेवर गेलात तर सोमवारी ते ऑफिसात घालण्यासारखे राहणार नाहीत.

१४. मी शुद्ध शाकाहारी आहे. छोट्या गावात उपाशी राहीन का?

नाही, पण विचारून खा. आयरिश न्याहारीतलं ब्लॅक पुडिंग गोड नसतं. ते रक्त घालून केलेलं असतं, आणि व्हाइट पुडिंगमध्येही डुकराचं मांस. ‘आजचं सूप’ भाज्यांचं असलं तरी पाणी चिकनचं असू शकतं. काही दुकानांत बटाट्याचे चिप्स बीफच्या चरबीत तळतात. बिनधास्त खाण्यासारखं म्हणजे ब्राउन सोडा ब्रेड आणि लोणी, कॅफेतली सँडविचेस, पास्ता, आणि बहुतेक प्रत्येक बऱ्या गावात असलेलं एखादं भारतीय हॉटेल. डब्लिनमध्ये विकलो स्ट्रीटचं कॉर्नुकोपिया पूर्ण शाकाहारी आहे. छोट्या गावातल्या पबचं स्वयंपाकघर रात्री नऊच्या सुमारास बंद होतं, जेवण लवकर उरका. हॉटेलच्या खोलीत किटली असतेच, म्हणून गरम पाणी ओतून होणारा उपमा-पोह्यांची दोन पाकिटं बॅगेत असू द्या. चहा मात्र घरच्यासारखा कडक आणि दुधाचा मिळतो.

१५. बॅगेत काय असावं, काय नसावं?

लॅपटॉप, चार्जर, औषधं आणि ऑफिसचा एक पूर्ण पोशाख हातातल्या बॅगेत. बॅग दुसऱ्याच विमानाने गेली तर ती गॉलवेच्या हॉटेलात शोधत यायला वेळ लागतो. प्लग इथे चौकोनी तीन पिनांचे, ब्रिटनसारखे. आपले बसत नाहीत. युरोपबाहेरून मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, खवा, पनीर नको. सहकाऱ्यांसाठी हापूस आणायचा मोह होतो, पण ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता हे प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. गंमत म्हणजे नारळ आणि केळी चालतात. चिवडा, चकली, बिनदुधाची चिक्की आणा, संपेल.

१६. हॉटेलं एवढी महाग का दाखवतायत?

बहुधा तारीख चुकीची आहे. १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक्स डेला डब्लिन, जुलैअखेरीच्या घोड्यांच्या शर्यतींना गॉलवे आणि ऑक्टोबरअखेरीच्या जॅझ महोत्सवाला कॉर्क परवडत नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ८२ हजारांवर माणसं बसतात. तिथे सामना किंवा मोठी मैफल असली की त्या रात्री दर चढतात. अशा वेळी दुसरं शहर घ्या, किंवा गावाच्या कडेला घरगुती बी-अँड-बी बघा. तिथे न्याहारी धरलेली असते आणि यजमान बाई कुठे काय बघावं ते नकाशावर खुणा करून सांगतात.

१७. भारताशी, महाराष्ट्राशी नातं सांगणारं काही आहे का बघायला?

लिओ वराडकरांबद्दल सगळे विचारतात. ते २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले, वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. पण त्या नात्याची खूण इथे कमी आणि सिंधुदुर्गात जास्त. २०१९ च्या डिसेंबरात ते स्वतः वराडला जाऊन आले. डब्लिनमध्ये सेंट स्टीफन्स ग्रीन बागेत रवींद्रनाथांचा अर्धपुतळा आहे. डब्लिन किल्ल्याच्या आवारातलं चेस्टर बीटी संग्रहालय मोफत आहे, तिथल्या संग्रहात मुघल चित्रं आहेत. आपल्या राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतली, हे शाळेत पाठ केलेलं असतं, त्याला इथे निदान एक गाव मिळतं.

एक जागा सहलीची नाही. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान बॉम्बस्फोटाने आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ कोसळलं, ३२९ माणसं गेली. वेस्ट कॉर्कमधल्या अहाकिस्टा गावी समुद्राकडे तोंड करून त्यांचं स्मारक आहे, भिंतीवर सगळी नावं. कॉर्कहून गाडीने दोन तासांच्या आसपास, बसने जमवणं अवघड. दरवर्षी २३ जूनला तिथे कुटुंबीय आणि गावकरी जमतात.

१८. बायको-मुलं बरोबर येतायत. मी ऑफिसात असताना त्यांचं काय?

त्यांचे व्हिसा स्वतंत्र आणि पर्यटनाचे, हे आधी लक्षात घ्या. तुमचं काम असलेल्या शहरातच मुक्काम ठेवा आणि ऑफिसच्या दिवसांसाठी प्रश्न ८ मधली ठिकाणं राखून ठेवा. मुलांना पबमध्ये दिवसा नेता येतं, पण १८ वर्षांखालच्यांना रात्री नऊनंतर (मे ते सप्टेंबर दहानंतर) बसू देत नाहीत. संगीत ऐकवायचं असेल तर संध्याकाळी सहाच्या सुमारास जा.

१९. तिकीट कंपनीचं आहे. दोन दिवस आधी येण्यात काही भानगड?

तीन गोष्टी लेखी घ्या. एक, आधीच्या तारखेचं भाडं जास्त असेल तर फरक कुणी भरायचा. दोन, कंपनीचा प्रवासविमा रजेच्या दिवसांना लागू आहे का. बहुतेकदा नसतो, मग स्वतःचा काढा. तीन, भत्ता कोणत्या तारखेपासून. आणि रजा टाकली असेल तरी भारतातले फोन येतातच, तेव्हा हे ध्यानात ठेवा: पुण्यातले संध्याकाळचे साडेसहा म्हणजे इथले उन्हाळ्यात दुपारचे दोन, हिवाळ्यात एक. त्यानंतरचा दिवस तुमचा.

२०. मीटिंग नाही, वर्क परमिटवर नोकरीलाच येतोय. रुजू व्हायला पंधरा दिवस आहेत.

मग पहिला आठवडा घर शोधण्यात घाला. डब्लिनमध्ये भाड्याचं घर मिळणं हे नोकरी मिळवण्याइतकंच जिकिरीचं आहे. दीर्घ मुदतीच्या ‘डी’ व्हिसावर आल्यापासून ९० दिवसांच्या आत इमिग्रेशनची नोंदणी करायची असते. नोंदणीचं कार्ड हातात येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकू नका, बेलफास्टलाही नाही, कारण तुमचा प्रवेश बहुधा एकदाचाच असतो. देशात मात्र हवं तिथे फिरा. पर्यटक म्हणून भारतीय लायसन्स चालतं, पण इथे राहणारे झालात की त्याची अदलाबदल होत नाही, आयरिश परीक्षा द्यावी लागते. फिरायला गाडी घ्यायची असेल तर आधी तुमच्या बाबतीत काय लागू होतं ते विचारून घ्या.

२१. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात काम आहे, नाताळ आयर्लंडला करू म्हणतो.

२५ डिसेंबरला डब्लिन विमानतळ बंद, ट्रेन बंद, बस बंद, दुकानं बंद, पबसुद्धा बंद. २४ ला दुपारनंतर सगळं आवरायला लागतं. हॉटेलात जेवण आधी सांगितलेलं असेल तर ठीक, नाहीतर प्रश्न १४ मधला उपमा. २७ पासून यायला हरकत नाही. एरवीच्या सार्वजनिक सुट्ट्या बहुतेक सोमवारी येतात: फेब्रुवारी, मे, जून, ऑगस्ट, ऑक्टोबर. ईस्टरचाही सोमवार. त्या शनिवार-रविवारी रूळदुरुस्तीसाठी काही गाड्यांच्या जागी बस लावतात.

२२. काम अमेरिकेत आहे, डब्लिनला दोन दिवस थांबून पुढे जायचंय. अमेरिकेच्या व्हिसावर बाहेर पडता येईल?

नाही, विमानतळाबाहेर पडून गाव बघायचं तर आयर्लंडचा व्हिसा हवाच. पुढच्या विमानाचा दिवसही वेगळा धरा. डब्लिन आणि शॅनन विमानतळांवर अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी विमानात चढण्याआधीच होते, म्हणजे नेहमीची सुरक्षा तपासणी झाल्यावर आणखी एक रांग. सकाळच्या विमानांना ती लांबलचक असते. गॉलवेहून पहाटेची बस पकडून नेमकं विमान गाठण्याचा हिशेब करू नका, आदल्या रात्री डब्लिनला या. अमेरिकेतल्या कामाची कागदपत्रं चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, अमेरिकन अधिकारी ती डब्लिनमध्येच मागतो.